भिंतीवर टांगलेली जमीन

मातीचे प्रदर्शन भरवायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मातीत बघण्यासारखे काय असते?" प्रश्न रास्त आहे. तलवार बघायला, ममी बघायला, उल्केचा दगड बघायला माणूस वाट वाकडी करतो. माती तर चपलेला चिकटून घरातच येते आणि आपण ती झाडून बाहेर टाकतो. ती बघायला कोण येईल?

जुलै २००८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्गविज्ञान संग्रहालयात मातीचे एक मोठे दालन उघडले. आपल्या गोवळकोंड्याच्या मुलखातून गेलेला निळा 'होप' हिरा याच इमारतीत ठेवलेला आहे. त्या हिऱ्याच्या शेजारघरी भिंतीवर जमिनीचे ५४ उभे काप मांडले होते. प्रत्येक राज्याचा एक, राजधानीचा एक आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांचे काही. जानेवारी २०१० पर्यंत ते दालन तिथे होते, नंतर गावोगावी फिरले. आपल्याकडे तिरुवनंतपुरमजवळ पारोट्टुकोणम इथे २०१४ मध्ये केरळ सरकारने मृदा संग्रहालय उघडले. एकट्या केरळातल्या ८२ प्रकारच्या जमिनी तिथे उभ्या केल्या आहेत. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन गावच्या जागतिक मृदा संग्रहालयात ऐंशीच्या आसपास देशांतले हजाराहून अधिक काप जपून ठेवलेले आहेत.

आता समजा, आपल्याला तालुक्याच्या गावी, एखाद्या शाळेच्या रिकाम्या खोलीत असेच छोटे दालन उभे करायचे आहे. काय ठेवायचे, ते कसे मिळवायचे आणि बघणाऱ्याला त्यातून काय कळावे, याचा विचार या प्रकरणात करू. दालन मांडता मांडता मातीही उलगडत जाईल.

१. ताटलीत ठेवलेली माती

पहिला मोह होतो तो ताटल्यांचा. एका ताटलीत काळी, दुसरीत तांबडी, तिसरीत वाळूमिश्रित, आणि खाली नावाच्या चिठ्ठ्या. अशी मांडणी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे आणि तिच्यापुढे कोणी अर्धा मिनिटही थांबत नाही. चूक बघणाऱ्याची नाही. बाकरवडी कुटून तिचा चुरा ताटलीत ठेवला, तर तिच्यात सारणाचे वेढे कसे होते हे कुणाला कळणार? ती आडवी कापून दाखवावी लागते. जमीन उभी कापून दाखवावी लागते.

ज्याने विहीर खणताना पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. वर हातभर गडद, भुसभुशीत माती, मुळ्यांनी भरलेली. तिच्याखाली जरा घट्ट, वेगळ्या रंगाची माती. मग मुरूम, मग कुदळीला दाद न देणारा कच्चा खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा कातळ. या थरांच्या क्रमालाच जमिनीची ओळख समजावे, हा विचार शास्त्रात रुजवला तो रशियाच्या वासिली दोकुचायेव यांनी. १८८३ साली त्यांचा रशियातल्या 'चेर्नोझेम' या काळ्या मातीवरचा ग्रंथ आला. माती म्हणजे खडकाचा नुसता भुगा नव्हे; हवामान, झाडेझुडपे, जीवजंतू, जमिनीचा उतार आणि काळ यांनी मिळून खडकातून घडवलेली ती स्वतंत्र गोष्ट आहे, हे त्यांचे म्हणणे. थरांना वरून खाली अ, ब, क अशी अक्षरे देण्याची रीतही त्यांच्यापासून आली. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांच्या नावाचे मृदा संग्रहालय आहे आणि ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून चालू आहे.

म्हणून आपल्या दालनाचा कणा म्हणजे हे उभे काप. शास्त्रज्ञ त्यांना 'मोनोलिथ' म्हणतात. आपण 'काप'च म्हणू.

२. काप काढायची रीत

हे काम अवघड यंत्रांचे नाही, चिकाटीचे आहे. माणूस आत उभा राहील एवढा रुंद आणि दीड मीटरहून थोडा खोल खड्डा घ्यायचा. ज्या बाजूवर ऊन पडते ती भिंत निवडायची, म्हणजे थरांचे रंग नीट दिसतात. गवंड्याच्या थापीने भिंत सरळ करून घ्यायची. मग तिच्यातून एक उभा खांब कोरून काढायचा, म्हणजे दोन्ही बाजूंची माती कापून तो भिंतीतून पुढे आलेला ठेवायचा. त्यावर लाकडाची किंवा पत्र्याची चौकट घट्ट बसवायची, पुढून फळी ठोकायची आणि मग मागची बाजू सुरीने, तारेने, पहारीने हळूहळू सोडवायची. सुटता सुटता चौकट दोघातिघांनी पेलून आडवी करायची.

दोघेतिघे का, याचा हिशेब करू. काप १५० सेंटिमीटर उंच, २० रुंद आणि ८ जाड धरला, तर १५० × २० × ८ म्हणजे २४,००० घन सेंटिमीटर माती झाली. ओलसर मातीचे वजन घन सेंटिमीटरला साधारण दीड ग्रॅम धरले, तर एकूण ३६ किलो. ही ३६ किलो माती कुठे मोडू न देता, थर हलू न देता खड्ड्यातून वर काढायची आणि गाडीतून घरी न्यायची आहे. चौकटीवर जुने धोतर किंवा साडी घट्ट गुंडाळली तर बरीच मदत होते.

पुढचे काम खोलीत. अवजाराने घासलेली माती गुळगुळीत दिसते, पण तो तिचा खरा चेहरा नसतो. सुरीच्या टोकाने ती बारीक टोकरत जायचे, म्हणजे ढेकळे आपापल्या नैसर्गिक सांध्यांवर सुटतात. कुठे दाणेदार माती दिसते, कुठे चौकोनी खडे, कुठे गांडुळाचे बीळ. मग सुतार वापरतात तो पांढरा डिंक पाण्यात पातळ करून तो पुन्हा पुन्हा मुरवायचा. घाईने जाड थर दिला तर वर चकाकी येते आणि माती प्लास्टिकची वाटू लागते. वाळूच्या जमिनीसाठी निराळी युक्ती आहे. खड्ड्याच्या भिंतीलाच डिंक लावून कापड चिकटवायचे आणि वाळल्यावर सोलून घ्यायचे. वाळूचा पातळ पापुद्रा थरांसकट कापडावर येतो.

काळ्या मातीच्या कापाला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. ती वाळताना आकसते, चौकटीपासून सुटते, मधोमध तडकते. सावलीत, आठवडेच्या आठवडे लावून वाळवली तर निभावते. तरीही थोड्या भेगा राहतातच, आणि त्या बुजवू नयेत असे माझे मत आहे. भेग हा त्या मातीचा स्वभाव आहे.

३. एकाच खडकाच्या दोन लेकी

काप कोणत्या जागचे घ्यायचे? इथे बहुतेक जण शक्य तितके जास्त प्रकार गोळा करायला जातात. मला वाटते, चारच घ्यावेत, पण एका ओळीत. कोकणातल्या सड्यावरून एक, महाबळेश्वरच्या माथ्यावरून एक, घाट उतरून वाईकडच्या बाजूचा एक आणि फलटणकडच्या सपाटीचा एक.

या सगळ्या पट्ट्यात खाली मुख्यतः एकच खडक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून झालेला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. तरी माथ्यावरची माती तांबडी आणि फलटणकडची काळी. फरक पाडला पावसाने. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेच्या पर्जन्यछायेत जेमतेम पाचशे-सहाशे. धो धो पाऊस खडकातली विरघळणारी द्रव्ये धुऊन नेतो. कॅल्शियम जाते, मॅग्नेशियम जाते, युगे लोटली की सिलिकासुद्धा जाते. उरते ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह गंजते आणि माती तांबडी होते. अंगणात पडलेला खिळा गंजतो तशीच ही क्रिया आहे, फक्त लाखो वर्षे चाललेली. कोकणातला जांभा याच वाटेने तयार झाला. या दगडाला जगभर 'लॅटराइट' म्हणतात. ते नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरम इथे दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. तिथले लोक मऊ जमिनीतून चिरे कापत होते आणि हवा लागून ते विटेसारखे कठीण होत होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात हे काम आजही चालते.

कमी पावसाच्या बाजूला द्रव्ये पूर्ण धुतली जात नाहीत. ती तिथेच राहून एक विशिष्ट, फुगणारी चिकणमाती तयार करतात. फलटणच्या कापात खालच्या बाजूला चुनखडीचे पांढरे खडे दिसतील. त्यांच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले की फसफसते. ही परीक्षा बघणाऱ्यांना स्वतः करू द्यावी, त्यासाठी खडे वेगळ्या वाटीत ठेवावेत.

हे चार काप ओळीने पाहत जाणाऱ्या माणसाला 'हवामान मातीला घडवते' हे वाक्य वाचावे लागत नाही.

४. काळी म्हणजे कसदारच का?

आपल्याकडे काळ्या मातीला मान आहे आणि तो योग्यही आहे. पण ती काळी आहे म्हणजे तिच्यात कुजलेला पालापाचोळा, सेंद्रिय भाग भरपूर आहे, हा समज चुकीचा. दालनात दोन बरण्या शेजारी ठेवता आल्या तर हे चटकन समजेल. रशिया-युक्रेनचे चेर्नोझेमही काळे आणि आपली रेगूर मातीही काळी. चेर्नोझेमच्या वरच्या थरात कुजून झालेले सेंद्रिय द्रव्य चार टक्क्यांपासून वर असते. हजारो वर्षे वाढलेल्या गवताच्या मुळांचे ते देणे आहे. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी सापडतो. जो थोडा असतो तो बारीक चिकणमातीला इतका घट्ट चिकटून राहतो की तेवढ्यानेही सगळी माती गडद दिसते. मूठभर रंगात बादलीभर पाणी काळे व्हावे, तसे. म्हणून काळ्या शेताला शेणखताची गरज नाही असे समजणारा शेतकरी रंगाने फसतो.

रंग सांगण्याची एक जगन्मान्य पद्धत आहे. आल्बर्ट मन्सेल या चित्रकला शिकवणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने रंगांना क्रमांक देण्याची रीत शोधली. मृदाशास्त्रज्ञांनी ती उचलली. रंगांच्या छोट्या चौकटी असलेली वही घेऊन ते शेतात जातात आणि ढेकूळ चौकटीशेजारी धरून जुळवतात. आपल्या दालनात महाग वही नको. रंगाच्या दुकानातल्या नमुनापट्ट्यांतून तपकिरी, तांबड्या, करड्या, पिवळसर पट्ट्या कापून एक तक्ता करावा. मुलांनी घरून ढेकूळ आणावे, कोरडे असताना रंग जुळवावा, पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा जुळवावा. ओली माती दोन-तीन पायऱ्या गडद होते. कायम पाणी साचणाऱ्या भातखाचराची माती आणता आली तर तिच्यात राखाडी रंगावर गंजाचे ठिपके दिसतील. पाण्याखाली हवा न मिळाल्याने लोहाचा तांबडा रंग उडतो आणि मुळाच्या बारीक वाटेने जिथे हवा पोहोचली तिथे तो परत येतो.

५. मोहरी, सुपारी, रांजण

माती तीन आकारांच्या कणांची असते. वाळूचा कण २ मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत, पोयट्याचा त्याखाली ०.००२ पर्यंत आणि त्याहून बारीक तो चिकणमातीचा. हे आकडे वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून सगळे मोठे करू. चिकणमातीचा कण मोहरीएवढा झाला असे धरा. मग पोयट्याचा मध्यम कण सुपारीएवढा होईल आणि वाळूचा जाडसर कण मीटरभर रुंदीच्या रांजणाएवढा. दालनाच्या मध्यभागी खरोखरचा रांजण, त्याच्या काठावर सुपारी आणि सुपारीवर चिकटवलेली मोहरी ठेवा. मुले तिथून हलत नाहीत.

कण बारीक झाला की त्याचा पृष्ठभाग वाढतो. गुळाची ढेप आणि तिचाच किसलेला गूळ यांत पाण्यात लवकर काय विरघळते, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे. आपल्या काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात आणि त्या पापुद्र्यांच्या आतल्या बाजूही मोजल्या तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. कबड्डीचे मैदान १३ मीटर × १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. चिमूटभर चिकणमातीत जवळजवळ सहा मैदाने! पाणी आणि अन्नद्रव्ये या मैदानांवर धरून ठेवली जातात. मूठभर वाळूला ते जमत नाही.

कोणत्या शेतात काय किती आहे, हे एका बाटलीत मोजता येते. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पूड. जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकणमातीला एक-दोन दिवस. मग पट्टीने मोजा. एकूण थर १२ सेंटिमीटर आणि त्यात वाळू ३, पोयटा ३, चिकणमाती ६ असेल, तर माती २५ टक्के वाळू, २५ टक्के पोयटा आणि ५० टक्के चिकणमातीची. ही भारी जमीन.

याच बरणीत एक अवघड दुखणेही दाखवता येते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या चोपण जमिनीत सोडियम जास्त असतो. तो चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, त्यामुळे कण गोळा होऊन खाली बसत नाहीत. कपडे धुण्याची पूड न घालता चोपण माती आणि साधे पाणी एका बरणीत घ्या; दिवसेंदिवस पाणी गढूळच राहते. तशीच दुसरी बरणी करून तीत चमचाभर जिप्सम घाला. जिप्सममधले कॅल्शियम कणांना एकत्र आणते, गाठी बनतात, पाणी वर स्वच्छ होते. शेतातही हेच घडावे म्हणून चोपण जमिनीला जिप्सम देतात. दोन बरण्या शेजारी ठेवल्या की शेतकरी आजोबा स्वतःच नातवाला समजावू लागतात.

६. वाफसा

इथवर सगळे सोपे होते. पुढची गोष्ट दाखवणे सगळ्यात कठीण आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची.

वाफसा हा शब्द प्रत्येक मराठी शेतकऱ्याच्या तोंडी असतो. पाऊस पडून गेला, पण पेरायचे कधी? "वाफसा आला की." जमीन ना चिखल ना कोरडी, अशी मधली अवस्था. धुतलेला पंचा दोरीवर टाकला की आधी त्यातून पाणी ठिबकते, मग ठिबकायचे थांबते. पण पंचा ओलाच असतो. मातीचेही तसेच. मोठ्या पोकळ्यांतले पाणी खाली निचरून जाते आणि तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांत पाणी टिकून राहते. मुळांना दोन्ही हवे असते. चांगल्या मातीच्या आकारमानात निम्मी घन माती, पाव भाग पाणी आणि पाव भाग हवा असे ढोबळ प्रमाण सांगतात. म्हणजे जमिनीचा निम्मा भाग ही मोकळी जागा आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

हे दाखवायला तीन पराती ठेवाव्यात. एकीत चिखल, एकीत वाफशावरची माती, एकीत कोरडी. हात घालायची मुभा, शेजारी पाण्याची बादली आणि टॉवेल. मूठभर माती घेऊन दाबा आणि अंगठ्याने टिचकी मारा. कणकेसारखी दबली तर अजून ओल जास्त आहे. भुरभुरून सुटली तर वाफसा. मूठच जमली नाही तर कोरडी. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घातला की नेमकी ही मोकळी जागा चिणली जाते, आणि पुढे तिथे पाणीही मुरत नाही. काचेमागच्या वस्तूंना 'हात लावू नये' अशी पाटी असते. मातीच्या दालनात ती लावली तर दालन करूच नये.

परातींना दर दोन दिवसांनी पाहावे लागते. वाफसा टिकत नाही, तो येतो आणि जातो. काम वाढते, पण त्याला इलाज नाही.

काळ्या मातीची हालचालही अशीच पकडावी लागते. तिचा काप भिंतीवर लावला तर वरपासून खालपर्यंत एकसारखा काळा दिसतो आणि बघणारा पुढे सरकतो. खरे नाट्य ऋतूंमध्ये आहे. चैत्र-वैशाखात ती इतकी आकसते की भेगांत हात जातो. वरची चुरा झालेली माती त्या भेगांत पडते. पाऊस आला की खालची माती फुगते, पण भेगेत आता नवी माती बसलेली असते. जागा नाही म्हणून मोठमोठी ढेकळे एकमेकांवर तिरकी घसरतात आणि त्यांच्या बाजू सारवल्यासारख्या चकचकीत होतात. अशी वर्षानुवर्षे ती स्वतःला उलटीपालटी करते. या गटाचे शास्त्रीय नाव 'व्हर्टिसॉल' आहे आणि ते लॅटिनमधल्या 'उलटणे' या क्रियापदावरूनच आले आहे. काचेच्या पेटीत काळी माती भरून ती महिनाभर वाळताना मोबाइलने तासातासाला एक छायाचित्र घ्यावे. सगळी छायाचित्रे जोडून मिनिटभराची फीत केली की भेगा डोळ्यांदेखत उघडतात. शेजारी घसरून चकचकीत झालेले एक ढेकूळ ठेवावे, बोट फिरवायला.

७. जिवंत ते कसे मांडायचे

डिंक पाजलेल्या कापात एकही जीव उरत नाही. चमचाभर चांगल्या मातीत अब्जाच्या घरात जिवाणू असतात; ते डोळ्यांना दिसत नाहीत. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९९९ मध्ये यावर खर्चिक तोडगा काढला. आपण शंभर पटींनी लहान झालो आहोत अशी कल्पना करून माणूस तिथे जमिनीखालच्या प्रचंड मुळ्या आणि बैलाएवढ्या किड्यांमधून चालत जाई. आपल्याला एवढा खर्च झेपणार नाही, आणि झेपायला हवा असेही नाही.

आपल्याकडे नाक आहे. पहिल्या पावसाचा वास कुणाला आवडत नाही? त्यातला मातकट गंध 'जिओस्मिन' नावाच्या द्रव्याचा, आणि ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू. माणसाचे नाक हे द्रव्य अब्जांशाहूनही कमी प्रमाणात ओळखते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी या पहिल्या सरीच्या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. उत्तर प्रदेशात कनौजला तर पिढ्यान्‌पिढ्या मातीचे अत्तर गाळतात. एका झाकणाच्या डब्यात कोरडी माती, शेजारी पाण्याची फवारणी. दाबा आणि वास घ्या.

त्याच डब्याखाली औषधाची रिकामी कुपी ठेवावी. १९४३ साली अमेरिकेत रट्गर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्या याच जातीच्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयावर चालणारे ते पहिले प्रतिजैविक. आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी बुरशीवर चालणारे 'हॅमायसिन' शोधले. ते देणाऱ्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना.

डोळ्यांना दिसणारे जीव हवे असतील तर प्लास्टिकची बाटली आडवी कापा. वरचा भाग उलटा करून खालच्यात नरसाळ्यासारखा बसवा, तोंडाशी जाळी, वर बांधावरची पालापाचोळ्याची माती आणि तिच्यावर पिवळा दिवा. उष्णता आणि उजेड टाळत कोळी, कोलेंबोला नावाचे बारीक जीव, वाळवीची पिल्ले खाली उतरतात आणि ओल्या कागदावर पडतात. भिंग ठेवा. संध्याकाळी सगळे परत बांधावर सोडा.

गांडुळासाठी मात्र वेळ दाखवावा लागतो. चार्ल्स डार्विन यांनी इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळच्या शेतावर १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरले आणि १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, चर खणून पाहिला. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. गांडुळांनी खालची माती पोटातून वर आणून टाकली, तिच्याखाली खडू गाडला गेला. आपण मोठ्या काचपेटीत काळी माती, पांढरी वाळू, तांबडी माती असे थर देऊन गांडुळे सोडली, वरून पाला घातला आणि काचेला काळा कागद लावला, तर महिन्या-दोन महिन्यांत थर एकमेकांत मिसळतात. शेजारी पहिल्या दिवसाचे छायाचित्र लावलेले असावे.

८. काळी आणि पांढरी

मातीच्या दालनात मराठी माणसाला आपले घर कुठे दिसेल? जुन्या भाषेत 'काळी' म्हणजे पिकवायची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. काळीत घर बांधायचे नाही, भिंती तडकतात. ते का हे आता कळले. पांढरी घरांसाठी. पण बरीचशी पांढरी माती ही घरांमुळेच झालेली असते. मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख, शेण, कचरा साठतो, त्यावर नवे घर उभे राहते, तेही पडते. शेकडो वर्षांत गावाखाली राखाडी-पांढरट टेकाड तयार होते. गढ्यांच्या भिंतींना आणि माळवदाला हीच माती लागे. पुरातत्त्वज्ञ नदीकाठी अशी टेकाडे शोधत फिरतात. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने अशा पांढरीतच तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उकरून काढली.

म्हणून एक काप पांढरीचाही हवा. त्यात खापरी, कोळसा, जळालेला दाणा, हाडाचा तुकडा दिसतो. तालुक्यातल्या मातीची लोकांनी दिलेली नावे मोठ्या अक्षरांत याच भिंतीवर लिहावीत. भंडारा-गोंदियाकडे कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी नावे आहेत. इतरत्र बरड, मुरमाड, चोपण, मळई. प्रत्येक नावामागे कुणीतरी नांगर धरून केलेले निरीक्षण आहे. खाली कोरी पाटी आणि खडू ठेवावा. आलेल्यांनी आपल्या शेतातले नाव लिहावे.

९. एक मिलिमीटर

जमिनीची धूप सांगायची तर नदीच्या गढूळ पुराचे छायाचित्र लावतात. ते पाहून लोकांना पूर दिसतो, शेत दिसत नाही. त्याऐवजी एक एटीएम कार्ड चिकटवावे आणि शेजारी हिशेब.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावरून एक मिलिमीटर माती गेली, तर १० घनमीटर. घनमीटरला १.३ टन धरले तर १३ टन. ट्रॅक्टरच्या तीन-चार ट्रॉल्या भरतील. भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांवर माती हलते, असा अंदाज १९८३ मध्ये मांडला गेला आणि आजही तो वापरला जातो. आपल्या हिशेबाने तो सव्वा मिलिमीटर झाला. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर. त्याहून जाड थर दरसाल जातो आणि बांधावर उभे राहून तो दिसत नाही. तेवढी माती नव्याने घडायला पुष्कळ वर्षे लागतात. सेंटिमीटरभर थराला शतके.

मग हाताने करायचा प्रयोग. तारेच्या जाळीच्या दोन टोपल्या पाण्याच्या दोन उंच ग्लासांत सोडा. एकीत सतत नांगरलेल्या, उघड्या शेताचे ढेकूळ, दुसरीत शेजारच्या बांधावरचे, गवताच्या मुळांतले. दोन्ही आधी पूर्ण वाळलेली. पहिले पाहता पाहता विरते आणि ग्लास गढूळ होतो. दुसरे बराच वेळ तसेच राहते. बांधावरच्या मातीत मुळांचा, बुरशीच्या धाग्यांचा आणि सेंद्रिय द्रव्याचा डिंक आहे. दोन्ही ढेकळे दोन-तीन मीटर अंतरावरची आहेत, हे पाटीवर जरूर लिहा.

पाट्यांबद्दल एक सांगायचे राहिले. 'ब क्षितिजात चिकणमातीचे अंतःसंचयन' असे लिहिले तर वाचणारा पुढे जातो. 'पावसाच्या पाण्याबरोबर वरून उतरलेली बारीक माती इथे येऊन साठली. बोट लावून पाहा, गुळगुळीत लागते' असे लिहिले तर तो बोट लावतो. पाटी लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी.

१०. दालनाबाहेर

एवढे सगळे केले तरी खोलीतली माती खोलीतलीच. म्हणून शाळेच्या आवारात, झाडापासून थोडा दूर, एक खड्डा कायमचा ठेवावा. दीड मीटर खोल, एका बाजूने दगडी पायऱ्या, वर पत्र्याचे छत, समोरची भिंत उघडी. तळाला पाणी साठू नये म्हणून चर काढून द्यावा. भोवती कठडा हवाच.

पहिल्या वर्षी मुलांनी भिंतीवर मोजपट्टी रंगवावी आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला तीन नोंदी कराव्यात : ओल कुठपर्यंत उतरली, मुळे कुठपर्यंत गेली, सगळ्यात रुंद भेग किती. वैशाखातला आकडा आणि भाद्रपदातला आकडा यांत किती अंतर पडते ते त्यांनाच लिहू द्यावे. उघडी भिंत सुकून चेहरा बदलते, म्हणून दरवर्षी पेरणीआधी ती थापीने बोटभर मागे सरकवून ताजी करावी. त्या दिवशी निघालेली माती फेकू नये. पिशवीत भरून, तारीख लिहून, दालनातल्या कापाखालच्या फळीवर ठेवावी.